ताठ मानेचा पाहुणा

"तीस वर्षं वाशीच्या मार्केटात पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहिल्या, पण ही मान कुणापुढं वाकली न्हाय!" हौसेराव छाती ठोकून सांगायचे. अलीकडे ती वाकवायची म्हटली तरी वाकत नव्हती, हे मात्र ते सांगत नसत.

झालं असं, की तीन महिन्यांपूर्वी पहाटे ते डाव्या कुशीवर वळले आणि खोली भिंगरीसारखी फिरायला लागली! पलंगाची कड धरून त्यांनी बायकोला हाक मारली, "शालन, भूकंप!" शालनताई गॅसवर चहा ठेवत होत्या. चहा जागच्या जागी होता.

डॉक्टर म्हणाले, "कानाच्या आत बारीक खडे असतात. ते जागचे हलले की अशी चक्कर येते. वर बघितलं, खाली वाकलं, कूस बदलली, की येणार. मिनिटभरात जाणार, पण परत परत येणार. झोपा इथं, मान वळवून खडे जागेवर बसवतो."

हौसेराव चपला घालून बाहेर! "मुतखडा ऐकला होता, हा कानखडा कुठला? आणि मान वळवली की चक्कर येते म्हणून आलो, तर हा मान वळवूनच बरं करणार!"

मग त्यांनी स्वतःच कारणं शोधायला सुरुवात केली. वांगं बंद झालं. दही बंद झालं. नवी उशी माळ्यावर गेली. शेवटी संशय शेजारच्यांच्या एसीवर गेला, तेव्हा शालनताईंनी हात जोडले. चक्कर मात्र यायची तेव्हा येतच राहिली. आता हौसेराव डोक्यावर पाण्याची घागर असल्यासारखे चालत.

अशातच लेकीनं, सुनयनानं, घरी सांगितलं, की तिला ऑफिसातल्या केतनशी लग्न करायचंय. मुलगा घणसोली गावातला, आगरी. हौसेराव साताऱ्याकडचे. दोन्ही घरांत महिनाभर धुसफूस झाली. शेवटी केतनच्या वडिलांनी, देवजीशेठनी, रविवारी जेवायला बोलावलं.

"त्यांना चक्करचं सांगून टाका," शालनताई म्हणाल्या.

"येडी का काय! चक्कर म्हटलं की लोक फिट म्हणत्यात. घराण्यात रोग हाय म्हणून मोडतील! मिनिटाचा खेळ हाय, मान सरळ ठेवली की झालं."

रविवारी हौसेराव देवजीशेठच्या दारात उतरले ते खांबासारखे ताठ!

"या या पाव्हनं!" देवजीशेठ डावीकडून आले. हौसेरावांनी मान न वळवता अख्खं अंग वळवलं, सोसायटीचं फाटक वळतं तसं. केतनची आई काशीताई देव्हाऱ्यापाशी घेऊन गेल्या. हौसेरावांनी देवीला हात जोडले, मान मात्र तसूभर झुकवली नाही. काशीताईंनी लेकीकडे, उन्नतीकडे बघितलं. पुढं केतनची आजी, जाईबाई, पाटावर बसलेली. हौसेराव लिफ्टसारखे सरळ खाली गेले आणि नाकासमोर बघत अंदाजानं पायांना हात लावला. तो लागला पानाच्या डब्याला!

"पाया पडतंय का पान मागतंय?" म्हातारीनं विचारलं.

जेवताना सगळ्यांनी ताटात वाकून तांदळाच्या भाकरी खाल्ल्या. हौसेरावांनी ताट हातात धरून हनुवटीपाशी नेलं. "लय मानी मानूस दिसतंय," उन्नतीच्या कानात काशीताई कुजबुजल्या. नेमकं ते सगळ्यांना ऐकू गेलं. देवजीशेठचा चेहरा उतरत चालला होता. सुनयना भाकरीचा नुसता चुरा करत होती. हौसेरावांना हे सगळं दिसत होतं, आणि बनियन घामानं भिजत होतं.

जेवणं झाल्यावर देवजीशेठ त्यांना अंगणात घेऊन गेले. "ही चार माळ्याची बिल्डिंग मी बांदली. सगल्यान वर आमचे बाबाचा नाव हाय. मिठागरात आख्खा जनम गेला त्याचा. बगा."

"लय भारी!" हौसेराव समोरच्या स्कूटरकडे बघत म्हणाले.

"पन तुमी वर बगितलाच नाय!"

केतननं खाली मान घातली. सुनयना दारात उभी होती, डोळे भरलेली. लहानपणी फुगा फुटल्यावर व्हायचा तसा चेहरा झालेला.

मरू दे तिच्यायला, हौसेरावांनी ठरवलं, आणि मान वर केली!

एक क्षण काहीच झालं नाही. निळी अक्षरं स्वच्छ दिसली. सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात बिल्डिंग निघाली! देवजीशेठच्या बाबांचं नाव त्यांनी तीनदा वाचलं, कारण ते तीनदा समोरून गेलं. हातात जे सापडलं ते त्यांनी कवटाळलं. ते देवजीशेठ होते.

"धरा मला!" हौसेराव डोळे मिटून ओरडले.

"धरला पाव्हनं, धरला!"

"सोडू नका!"

"जनमभर नाय सोडनार!" देवजीशेठ गहिवरले. हौसेरावांच्या मिटल्या डोळ्यांतून मळमळीनं पाणी गळत होतं, ते देवजीशेठच्या खांद्यावर पडलं. "आमचे बाबाचा नाव बगून आजवर कोन रडला नव्हता! काशी, पेढं आन!"

मिनिटभरानं बिल्डिंग थांबली, तोवर सोयरीक ठरली होती.

दुसऱ्या दिवशी शालनताईंनी नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. मान इकडं, मान तिकडं, दोन भयंकर गिरक्या, आणि मग सगळं शांत! "परत आली तर परत या," डॉक्टर म्हणाले. हौसेराव जिना उतरताना मुद्दाम वर-खाली बघत उतरले.

साखरपुड्याला देवजीशेठ दोन्ही हात पसरून सामोरे आले. हौसेरावांनी कमरेत वाकून झकास नमस्कार केला.

देवजीशेठचे हात हवेतच राहिले. "काय व्याही, आमचा कायतरी चुकला का?"

हौसेरावांना राहवलं नाही. त्यांनी व्याह्यांना कोपऱ्यात नेलं आणि खडे, चक्कर, स्कूटर, सगळं सांगून टाकलं. "माफ करा. मी रडलो न्हाय, मला गरगरत होतं."

देवजीशेठनी डोकं खाजवलं. हौसेरावांना वाटलं, आता मोडतंय!

"आमचे आयला सांगितला का ह्या?"

"न्हाय."

"मंग नका सांगू. तिनं आख्ख्या घनसोलीला सांगितलाय, आमचा व्याही बाबाचे नावानं रडला म्हनून. आख्खा गाव आलाय तुमाला बगाला." त्यांनी चोरून मागे बघितलं. जाईबाई चार म्हाताऱ्यांना घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. "मारा मिठी, बगते ती."

हौसेरावांनी डोळे मिटले आणि मिठी मारली.

"आनि व्याही," देवजीशेठ कानात पुटपुटले, "त्या दिसासारका जरा डुला पन!"