डाव्या मोज्याचा ताप

यांकुबा दार्बो यांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं, की गांबिया नदीच्या दोन्ही काठांवर त्यांच्याइतका तल्लख गुप्तहेर झाला नाही. तीस वर्षं त्यांनी फेरीबोटीवर तिकिटं तपासली. त्यात एकच फुकट्या पकडला, तोही त्यांचा मेहुणा निघाला.

सायनी मात्र घायकुतीला आला होता. हिवताप हुंगून ओळखणारी डोमोदा ही कुत्री त्यानं आठ महिने खपून तयार केली होती. पोरांनी रात्रभर घातलेले मोजे ओळीनं टांगायचे आणि आजारी पोराच्या मोज्यापुढे तिनं बसायचं. आज ती अलसाना नावाच्या पोराचा उजवा मोजा हुंगून पुढे गेली आणि त्याच्याच डाव्यापुढे ठाण मांडून बसली. चारदा फिरवलं, चारदा तेच. अलसानाचं रक्त तर स्वच्छ होतं. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर कुत्री बाद, असं दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं.

तपास दार्बोसाहेबांनी आपणहून अंगावर घेतला. हिरव्या चहाच्या पहिल्या पेल्याला त्यांनी जाहीर केलं की डास डावखुरा होता. दुसऱ्याला कुणीतरी कुत्रीला सुक्या मासळीची लाच चारली असं ठरलं. तिसऱ्याला संशय सायनीवरच आला, कारण तो गप्प होता.

"तुम्ही बोलताय म्हणून गप्प आहे, साहेब," सायनी म्हणाला.

साहेबांनी तेही वहीत टिपून घेतलं.

मग नर्सला घेऊन ते अलसानाच्या घरी धडकले. रोग डाव्या पायातच दबा धरून बसला असणार, म्हणून डाव्या पायाचा अंगठा टोचला. पोरानं भोकाड पसरलं. रक्त स्वच्छच निघालं.

त्याची आई न्यीमा अंगणात बाजरी कांडत होती. तिनं मुसळ खाली ठेवलं.

"डावा मोजा फुसेनीनं घातला होता."

"फुसेनी कोण?"

"ह्याचा जुळा. तुम्ही मोजे एकालाच दिलेत. जुळ्यांतल्या एकाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे आमच्यात चालत नाही. मग एकेक घातला."

"आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी? आल्या आल्या अंगठाच धरलात."

फुसेनी आत चटईवर मुटकुळं करून पडला होता. उन्हानं थकला असेल म्हणून दोन दिवस कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. सायनीनं त्याचं कपाळ चाचपलं, ते चटके देत होतं. नर्सनं बोट टोचलं. हिवताप होता. लगेच गोळ्या सुरू झाल्या.

दार्बोसाहेब चटईशी उभे राहून मोठ्यानं वाचत लिहू लागले, "माझा संशय पहिल्यापासून जुळ्यांवरच होता."

"लिहा हो, सावकाश लिहा," न्यीमा म्हणाली, "पण जरा बाजूला सरकून. पोराचा वारा अडतोय."