चारीच्या दाराची मुक्तता

वरकुट्यात रानांना कालव्याचं पाणी देणाऱ्या चारीच्या दाराचं चाक फिरवायचा दांडा एकच आहे आणि तो सोपानरावांच्या देवघरात असतो, ही व्यवस्था गावाने वर्षानुवर्षं शांततेने मान्य केली होती. सोपानराव दार पाडत तेव्हा पाणी अडून रानाच्या उंचीला चढे. ज्याने नमस्कार केला, त्याचं रान भिजे. ज्याने तोंड उघडलं, त्याची पाळी आपोआप पुढे जाई. कौसल्याबाईंनी एकदा तोंड उघडलं होतं. त्यांची डाळिंबाची बाग कळ्या धरून पाण्याची वाट पाहत होती.

"राजमहंमदचाचाच्या वेल्डिंगच्या दुकानातनं दुसरा दांडा करून घेऊ," त्या पारावर म्हणाल्या. "आन् सगळी मिळून चारीवर उभी राहू."

"वैनी, मग सोपानरावाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागंल की!" धाकटा दीर भीमा म्हणाला. तो मोबाईलवर बातम्या बघत होता. "ह्ये बघा. तिकडं एका देशात हुकूमशहा व्हता. भायेरची फौज आली, त्याला उचलला, लोकं मोकळी! आपुन कायबी करायचं न्हाय. निस्तं बलवायचं."

"आन् त्या देशाचं पुढं काय झालं?"

"पुढचं अजून दावलं न्हाय."

पाराने समाधानाने माना डोलावल्या.

खालच्या गावचा पुढारी यशराज बोलावताच न्यायासाठी तात्काळ तयार झाला. त्याचं गाव त्याच चारीच्या शेपटाला आहे, हा योगायोग मानण्यात आला. जेसीबी आला, पोरांनी भरलेल्या गाड्या आल्या. सोपानराव दांड्यासकट बारामतीला लेकीकडे पळाले. दांडा नाही म्हटल्यावर यशराजने दारच उपटलं. गुलाल उडाला. जेसीबीला चारीवर जायला वाट हवी होती, ती कौसल्याबाईंच्या बागेतून निघाली.

"मुक्तीत एवढं व्हतंच, काकू," यशराज नम्रपणे म्हणाला.

पाणी मोकळं झालं आणि मोकळेपणाने खालच्या गावच्या तळ्यात गेलं. शांतता राखण्यासाठी यशराजची पोरं समाजमंदिरात मुक्कामाला राहिली. शांततेला रोज मटण लागे. इकडे प्रत्येक भावकीने चारीत आपला मातीचा बांध घातला आणि दुसऱ्या भावकीने तो फोडला. भीमाच्या डोक्याला टाके पडले.

मग पारावर विचारमंथन सुरू झालं: सोपानराव बरा की यशराज?

"सोपानरावाच्या राज्यात मारामारी तरी नव्हती."

"पर आता तोंड उघडता येतंय!"

"येतंय की. सोपानरावाला शिव्या द्यायला. यशराजला देऊन बघ."

एवढ्यात कौसल्याबाई आल्या. हातात नवाकोरा लोखंडी दांडा.

"चाचानं करून दिला. एका दुपारचं काम व्हतं."

"झ्याक झालाय," भीमा म्हणाला. "पर वैनी, बसवायचा कशात? दार कुठाय?"

"त्येच इचारायला आलेय. माज्या कळ्या गळून गेल्या."



"त्ये ऱ्हाऊ द्या," कोणीतरी म्हणालं. "तुमी कुणाच्या बाजूच्या, त्येवढं सांगा. दोघांतला एक."

त्यांनी दांडा पाराच्या पायरीशी टाकला आणि त्या घरी गेल्या. चर्चा अजून चालू आहे. आपलंही मत एव्हाना तयार झालं असेल, दोघांतल्या एकाचं. या, पारावर जागा आहे. फक्त पायरीशी दांडा पडलाय, तेवढा ओलांडून या. आम्हीही तसेच आलो.