दहावी कोंबडी

"शेजारणीच्या कोंबड्या एकदा घरात घेतल्या, की घर आपलं राहत नाही," असं सासूबाईंनी गावी परतताना बजावलं होतं. बाळाच्या आईने ते हसण्यावारी नेलं. कोंबड्या घरात घेतंय कोण?

पुढच्याच मंगळवारी भिंतीपलीकडच्या आजी दोन्ही काखांत एकेक कोंबडी धरून दारात उभ्या.

"तासभर ठेव गं. योजनेची ताई येतेय."

गरिबी हटवण्याच्या योजनेतून आजींना चार कोंबड्या मिळाल्या होत्या. दर मंगळवारी ताई येऊन विचारपूस करी. कोंबड्या दहा झाल्या, की माणूस गरिबीतून बाहेर पडलं असं ठरे आणि ताईचं येणं बंद. ही अट कोंबड्यांना कुणी सांगितली नव्हती. त्या बेधडक वाढत होत्या.

"अहो, मग चांगलंच की! गरिबी गेली."

"गरिबी जाऊ दे गं. तिच्यामागं ताई जाते ना! झोप लागली का, हे मला दुसरं कोण विचारतं?"

बाळाच्या आईला आधी चोच दिसली, मग बाळाचे डोळे, मग दवाखाना. तरी तिने कोंबड्या घेतल्या. नवरा परगावी नोकरीला. मंगळवारी ती भिंतीला कान लावून बसे आणि ताईच्या प्रश्नांना इकडून मनातल्या मनात उत्तरं देई, हे ती कुणाला सांगणार?

दोनाच्या पाच झाल्या. एक पाळण्याखाली, दोन न्हाणीत, त्यांतला एक कोंबडा. एकीने बाळाच्या टोपड्यात अंडं घातलं. आणि एका मंगळवारी ताईबरोबर तिचे साहेबही आले, तेव्हाच न्हाणीतला कोंबडा आरवला. सारवासारव करायला बाळाच्या आईने मोठ्याने "कुकूच कू" केलं. कोंबड्याला ते आव्हान वाटलं. बाळ खिदळलं. साहेब दारात आले.

"या कुणाच्या?"

आजींचा चेहरा पांढराफटक.

"माझ्याच," बाळाची आई म्हणाली.

"योजनेशिवाय?" साहेब हरखले. "बघा, शेजारणीचं पाहून शेजारीण सुधारली! या गल्लीचं काम फत्ते. ताई, उद्यापासून दुसरी गल्ली."

ताई जाताना दोनदा वळली. साहेबांनी हाक मारली, म्हणून गेली.

पुढच्या मंगळवारी बाळाची आई बाळाला कडेवर घेऊन आजींकडे गेली. आजी डबा झाकून बसल्या होत्या.

"पोरगी सकाळी उपाशीच निघते गं. एकटी राहते. इथं येऊन दोन घास खायची. साहेबाला ठाऊक नव्हतं. आता तिकडं कुणी पाणी तरी विचारत असेल का?"

दोघींनी मग डबा उघडला. आधी तिचा वाटा बाजूला काढला.

ताई आता कुठल्या गल्लीत जाते, माहीत नाही. तुमच्याकडे आली, तर खूप प्रश्न विचारील. उत्तरं सावकाश द्या. आधी तिला बसवा, आणि ती जेवली का, तेवढं बघा.