महादूताला शिंक येते तेव्हा

"यंदाचा महादूत असा उभा करीन, की सैतानाची बोलतीच बंद होईल!" बेकरीवाल्याने पीठ मळता मळता जाहीर केलं.

महादूत मायकलच्या सणाला चर्चच्या अंगणात दरवर्षी एक नाटुकलं होई. मायकल सैतानाला स्वर्गातून हाकलून देतो, एवढंच. यंदा मायकलचं काम बेकरीवाल्याकडे आलं आणि गडी हवेत तरंगू लागला. सैतान व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा त्याने बायकोच्या धाकट्या भावालाच शिंगं चढवली.

"दाजी, लागणार नाही ना?"

"अरे, तलवार लाकडाची, मारणारा घरचा! लागतंय कसलं!"

पंखांसाठी त्याने घरातली पिसांची उशी फोडली.

"अहो, माळ्यावरची जुनी उशी ती! धूळ केवढी असेल!" बायको म्हणाली.

"महादूत धुळीला भितो होय?"

सणाच्या दिवशी अंगण गच्च भरलं. बेकरीवाल्याने मेहुण्याला आडवं पाडलं, छातीवर पाय रोवला, तलवार उगारली आणि गरजला, "चालता हो, दु... दु... दु... आऽऽक्छी!"

"देव तुमचं भलं करो, दाजी!" सैतान सवयीने बोलून गेला.

अंगणात हशा फुटला. शिंका काही थांबेनात! दर शिंकेला मूठभर पिसं उडत होती. महादूत सोललेल्या कोंबडीसारखा दिसू लागला. अशाच एका शिंकेच्या हिसक्यात तलवार सुटली आणि सैतानाच्या नाकावर बसली.

"ताईऽऽ!"

पहिल्या रांगेतून बायको ताडकन उठली. "अहो, पाय काढा आधी!"

"अगं, नाटक आहे हे!"

"नाटक असो नाहीतर स्वर्ग! माझ्या भावाच्या छातीवरून पाय काढा!"

महादूताने मुकाट्याने पाय काढला. सैतान उठून नाक चोळत उभा राहिला. पण तो जाणार कधी? पडद्याआडून फादर हातवारे करून दमले.

"जा की रे बाबा!" महादूत गयावया करू लागला. "पाया पडतो तुझ्या!"

"ताई, जाऊ?"

"जा. पायरी मोडकी आहे, जपून उतर."

अशा रीतीने सैतान स्वर्गातून गेला. टाळ्या मात्र कडाडल्या! इतका हशा त्या अंगणाने कधी ऐकला नव्हता. बेकरीवाल्यालाही हसू आवरेना. हसतच तो खाली मेहुण्याशेजारी उतरला, तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत येताना दिसल्या. आशीर्वादासाठी त्याने नम्रपणे मान झुकवली. बाई त्याला वळसा घालून पुढे गेल्या आणि सैतानाच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या,

"किती सोसलंस रे लेकरा!"