आवाका सर

आमच्या इतिहासाच्या सरांना महाडच्या बाजारात नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नसत. "आवाक्यात आहे ना?" एवढंच विचारत. काय आवाक्यात आहे, ते आपण ठरवायचं. कोळीण पापलेट पुढे करायची, सर म्हणायचे, "आवाक्यातलं बोल," आणि मांदेली घेऊन जायचे. लग्नात नवरदेवाच्या कानात आशीर्वाद, "संसार आवाक्यात ठेवा." आडनाव खोपकर, पण सगळं गाव त्यांना आवाका सर म्हणायचं.

मी पोलादपूरच्या शाळेत मास्तर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करत होतो. शाळेला जोडून ज्युनिअर कॉलेज निघणार होतं. एम.ए. झालो तर इतिहासाची जागा माझी, नाही तर हेडमास्तरांचा भाचा तयारच होता. राहिला होता फक्त लघुप्रबंध. विषय मी घेतला होता 'कोकणातील दळणवळण : प्राचीन काळ ते आजतागायत'. वर्ष संपलं तरी मी प्राचीन काळातून बाहेर पडलो नव्हतो.

मार्गदर्शक आवाका सरच. शेवटी त्यांना गाठायला गेलो, तर ते गुडघ्यांसाठी महाडजवळच्या सव गावी गेलेले. तिथे गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसले होते. मी काठावरूनच विषय सांगायला लागलो.

"कपडे काढा आणि आत या," सर म्हणाले. "गरम पाण्यात माणूस फार वेळ मोठेपणा करू शकत नाही."

उतरलो. पाणी भलतंच कढत.

"कोकण," मी म्हणालो.

"कापा."

"रायगड जिल्हा?"

"कापा."

"महाड आणि पोलादपूर तालुके?"

"दोन-दोन? तुम्ही काय प्रांतसाहेब आहात? कापा."

शेजारी एमआयडीसीतला एक कामगार पाळी संपवून अंग शेकत होता. त्याला माझी दया आली. "सर, पोलादपूर तरी ठेवू द्या ना त्यांना. घर हाय त्यांचं तिकडं."

"घर ठेवू दे. विषय कापा."

मी उकडलेल्या कोलंबीसारखा लाल झालो होतो. चक्कर यायच्या बेतात असताना ओरडलो, "आंबेनळी घाटातल्या एका वाडीत एसटी कशी आली!"

सरांनी डोळे मिटले. "पाहिलेली माणसं जिवंत आहेत?"

"आहेत."

"सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं?"

"येतं."

"मग बाहेर या. मरू नका, प्रबंध लिहायचाय."

विषयाच्या मंजुरीला समितीतले एक गृहस्थ हसले. "वाडीची एसटी? हा इतिहास की वेळापत्रक?" माझ्या डोळ्यांपुढे हेडमास्तरांचा भाचा दिसायला लागला. सर ताडकन उठले. "यानं अख्खं कोकण घेतलं, तेव्हा तुम्ही माना डोलावल्यात. हा निवृत्त झाला असता तरी पहिलं प्रकरण संपलं नसतं. आणि गाडी सुरू झाली म्हणून त्या वाडीतल्या बायका पहिल्यांदा दवाखान्यात बाळंत झाल्या. हा इतिहास नाही, तर कुठला?"

विषय मंजूर झाला.

पहिल्या मुलाखतीला सर माझ्याबरोबर आले. भागाबाई म्हणून एक म्हातारी, शेळ्या राखणारी.

"आजी, पहिली गाडी कोणत्या वर्षी आली?" सरांनी विचारलं.

"वरीस काय ठावं? माजी काळी शेरडी गाभन व्हती."

"गाडीत पहिलं कोण चढलं?"

"तीच की! आन कंडक्टरची तिकिटं खाल्लीन."

सर गंभीरपणे माझ्याकडे वळले. "लिहा मोरे. पहिला प्रवासी, शेळी. तिकीट, एकापेक्षा जास्त."

प्रबंध पास झाला, जागाही मिळाली. एक प्रत भागाबाईला दाखवावी म्हणून रविवारी वाडीत गेलो. बघतो तर अंगणात सर! मांडीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत होते, आणि भागाबाई त्यांना झापत होती, "अरे, दाना टाकतोस आन साल ठेवतोस!"

मला पाहून सर गडबडले. "एक संदर्भ तपासायचा राहिला होता."

"कसला संदर्भ?" भागाबाई म्हणाली. "दर रविवारी येतो ह्यो. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोन नाय म्हनं. मी म्हनलं, मग ये रे, हितं तरी कोन हाय?"

सर मान खाली घालून शेंग सोलत राहिले. मी हातपाय धुतले आणि त्यांच्याशेजारी बसलो. भागाबाईनं थोड्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. 

मग सर माझ्याकडे पाहत, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या रविवारी आजींचा मुलगा येतोय मुंबईहून. म्हणजे मी काही यायला नको."

"का रे?" भागाबाई म्हणाली. "त्यो येनार, जेवनार आन झोपनार. तू ये."

सरांनी पुढची शेंग उचलली.