मासोळीच्या नजरेची हद्द

मार्च महिन्यातील एका शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील घराच्या बैठकीच्या खोलीत एक मुख्याध्यापिका हातांवर आणि गुडघ्यांवर पुढे सरकत होत्या. त्यांच्या अंगावर टाचण्यांनी जुळवलेला, अर्धवट शिवलेला निळा कोट होता. त्याचा रंग उजेडात कसा दिसतो हे पाहण्यासाठी त्यांना आतल्या खोलीतून गॅलरीपर्यंत जायचे होते, आणि त्या घरात सध्या या प्रवासाचा हाच एक मार्ग होता. त्यांच्यापुढे, तशाच अवस्थेत, कोट शिवणाऱ्या बाई वाट दाखवीत होत्या.

"मी मुलींना रांगेत चालायला शिकवते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "रांगायला नाही."

"झालंच, बाई. त्या खडूच्या रेघेपलीकडे उभं राहता येतं."

"आणि अलीकडेच उभं राहिलं तर?"

"तर ती अंडी खाते."

"कोण?"

"आई."

मुख्याध्यापिकांनी मान वर करून पाहण्याचा प्रयत्न केला. त्याबरोबर काखेतली कच्ची शिवण उसवली, दोन टाचण्यांनी आपले कर्तव्य सोडून भलतेच केले, आणि त्या थोर शिक्षणतज्ज्ञ बाईंनी, शाळेत उच्चारल्यास पालकांना बोलवावे लागेल असा एक शब्द उच्चारला.

हे वर्णन ज्यांना अतिशयोक्त वाटेल त्यांनी त्यामागची कारणपरंपरा पाहावी. त्या घरात कारणाशिवाय काहीही घडत नसे, आणि हीच त्या घरावरची सर्वांत मोठी आपत्ती होती. घरधनी भूमापन खात्यात मोजणीदार होते. शेजाऱ्याचे कुंपण वीतभर सरकले आहे की नाही, हे आयुष्यभर इतरांना पटवून दिल्यामुळे त्यांना स्वतःला काहीही पटवून देणे अशक्य झाले होते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या संथ ओढ्यांत राहणाऱ्या बुटक्या सिक्लिड माशांची एक जोडी आणली. मासे करंगळीएवढे, नर निळसर आणि डौलदार, मादी लहान आणि करड्या रंगाची. मासे पाळणे ही हौस असते. त्यांची वीण वाढवणे हा निश्चय असतो. मोजणीदारांना हौस कशाचीच नव्हती.

त्या माशांना मऊ, काळसर पाणी लागते, म्हणून बदामाची वाळलेली पाने टाकून टाकीतले पाणी कोऱ्या चहासारखे करण्यात आले. अंडी घालायला गुहा लागते, म्हणून कडेला कपचा उडालेली मातीची लहान कुंडी पालथी घालण्यात आली. टाकीला समतल बैठक लागते, म्हणून मोजणीदारांनी घरभर पाणसळ लावून पाहिली आणि खरोखर समतल अशी एकच जागा निघाली : पत्नीचे कापड बेतायचे टेबल.

"अहो, इतकी वर्षं मी त्यावर कापड बेततेय," पत्नी म्हणाली. "ते सरळ आहे हे कळायला मला पाणसळ लागली नाही."

"म्हणजे तू माझ्या निष्कर्षाशी सहमत आहेस," मोजणीदार म्हणाले, आणि टाकी टेबलावर चढली. कापड जमिनीवर आले.

मादीने पहिल्यांदा अंडी घातली तेव्हा ती पिवळीधमक झाली, कुंडीच्या तोंडाशी बसली, नराला पार कोपऱ्यात पिटाळले, आणि दुसऱ्या दिवशी सगळी अंडी स्वतःच खाऊन मोकळी झाली. मोजणीदारांनी शिलाई मशीनच्या हादऱ्याला दोषी ठरवले. घरात त्यांच्या सासूबाई राहत असत; मुलाच्या घरी खालीच दवाखाना असल्यामुळे दात कोरायच्या यंत्राचा आवाज त्यांना सोसत नसे. त्या एवढेच म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे. गोंधळली असेल." पण मशीन स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंचा रेडिओ बंद झाला. दुसऱ्यांदा अंडी गेली तेव्हा घरातले बोलणे कुजबुजीवर आले, आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजू लागली. तिसऱ्यांदाही अंडी गेली. आता ध्वनी निर्दोष ठरला होता. तेव्हा दृष्टी आरोपी झाली.

मोजणीदारांनी कचेरीतून थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची तिपाईवरची दुर्बीण, आणला. कुंडीच्या तोंडातून मासोळीची नजर कुठवर पोचते, हे शास्त्रशुद्ध मोजून त्यांनी जमिनीवर खडूची रेघ मारली. रेघेच्या आत टेबलाच्या पातळीवर डोके काढायला सर्वांना मनाई झाली. दुर्दैवाने ही हद्द दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि आतल्या खोलीपासून गॅलरीपर्यंत पसरलेली होती. म्हणजे घराचा जो भाग उभ्याने वापरता येत होता, तो मुख्यत्वे न्हाणीघराचा होता. सासूबाईंनी मशीनपुढचा चाकांचा ठेंगणा स्टूल ताब्यात घेतला आणि त्यावर पोटाशी पाय घेऊन, हातातल्या काठीने जमीन रेटत त्या नावेतून गेल्यासारख्या जाऊ-येऊ लागल्या. एवढ्या बंदोबस्तानंतर मादी चौथ्यांदा पिवळी झाली होती, आणि कारणपरंपरा मुख्याध्यापिकांच्या काखेपर्यंत येऊन ठेपली होती.

मुख्याध्यापिका कोट उतरवून, आल्या तशाच मार्गाने गेल्या. जाताना उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "कोट झाला की पाठवून द्या. पुढच्या वेळचं माप... बघू."

त्या "बघू"चा अर्थ पत्नीला नेमका कळला. शाळेतल्या निम्म्या शिक्षिका तिच्याकडेच कपडे शिवत होत्या. दार लावून ती खाली बसली, आणि बसूनच, कारण उभे राहायची सोय नव्हती, तिने आपला निर्णय ऐकवला.

"ही शेवटची वेळ. पिल्लं कुंडीबाहेर पोहताना दिसली तर टाकी राहील. नाही दिसली तर धाकट्याच्या दवाखान्यात जाईल. तो कधीचा मागतोय."

"टाकी ही काय खुर्ची आहे, उचलून द्यायला?" मोजणीदार म्हणाले.

"खुर्ची असती तर बसले तरी असते."

मोजणीदारांनी क्षणभर विचार केला. "मान्य," ते म्हणाले. "पिल्लं पोहतील."

धाकटा म्हणजे पत्नीचा भाऊ, दंतवैद्य. त्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेले लोक आतले आवाज ऐकून पळून जात. समोर मासे असतील तर ते बसून राहतील, अशी त्याची खात्री होती. बातमी कळताच तो संध्याकाळी हजर झाला. सवयीने दारातच ओणवा झाला, सरपटत टेबलाखाली आला, आणि उताणे पडून, हात वर करून टाकीची लांबी मोजू लागला.

"फीत तिरकी धरलीस," मोजणीदार शेजारी आडवे होत म्हणाले.

"बाकाशेजारी मावली म्हणजे झालं, भाऊजी."

"मावायचा प्रश्नच येत नाही. अंडी शाबूत आहेत."

"आहेत कशावरून? तुम्ही पाहिलीत?"

मोजणीदारांनी न पाहताच मानले होते. तो प्रकार घरात इतका दुर्मीळ होता की सासूबाईंनी स्टूल थांबवला. मादी अंडी चिकटवते ती कुंडीच्या आतल्या छताला. बाहेरून ती दिसत नाहीत. मोजणीदारांनी अंड्यांचे अस्तित्व मादीच्या रंगावरून अनुमानाने सिद्ध केले होते.

"पिवळी आहे, म्हणजे अंडी आहेत," ते म्हणाले.

"पिवळे दात दिसले म्हणून कीड आहे असं मी म्हणत नाही. आत बघतो." दंतवैद्याने खिशातून आपला आरसा काढला; लांब, बारीक दांडीच्या टोकाला रुपयाएवढे वाटोळे भिंग, दाढांची मागची बाजू पाहण्याचा. "नवाकोरा आहे, अजून कुणाच्या तोंडात गेलेला नाही. बघायचं, की मानून चालायचं?"

शहाण्या माणसाने अशा वेळी मानून चालावे. पण ज्याने उभ्या हयातीत पुराव्याशिवाय कोणाच्या शेताची मेरही मान्य केली नाही, त्याला आपल्याच अंड्यांबाबत पुरावा नाकारणे शोभले नसते. मोजणीदारांनी आरसा गरम पाण्याने धुऊन आणला. दंतवैद्य गुडघ्यांवर उठला, दांडी पाण्यात सोडली आणि आरसा अलगद कुंडीच्या तोंडाशी नेला.

"आहेत," तो हळूच म्हणाला. "वर, डावीकडे. अक्कलदाढेच्या जागी. लालसर, दाट."

"पाहिलंस? आता काढ."

काढायला उशीर झाला होता. कुंडीच्या तोंडातून पिवळ्या मादीने बाहेर पाहिले, आणि तिला समोर दुसरी पिवळी मादी दिसली. ती परकी बाई आपल्याच दारात, आपल्याइतकीच फुलून, आपल्याकडेच डोळे वटारून पाहते आहे, हे लक्षात येताच ती आरशावर तुटून पडली.

"दुखणार नाही हं," दंतवैद्य सवयीने म्हणाला. दुसऱ्या धडकेला दांडी त्याच्या बोटांतून निसटली. आरसा तळाशी गेला आणि दोन दगडांच्या बेचक्यात, कुंडीकडे तोंड करून, पक्का रुतून बसला.



"अतिक्रमण," मोजणीदार म्हणाले. "हे सरळ सरळ अतिक्रमण आहे. टाकी मिळावी म्हणून तू तिच्या दारात सवत आणून बसवलीस."

"भाऊजी, आईशप्पथ, निसटला हो."

"माझी शपथ घेऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. "निसटला असेल तर तुझ्याकडे दात दाखवायला येणाऱ्यांची मला काळजी वाटते."

आरसा काढायचा तर हात घालावा लागणार. हात घातला तर मादी अंडी खाणार. नाही घातला तर भांडता भांडता खाणार. मोजणीदारांनी दोन्ही बाजू तपासल्या, कचेरीतून रजा घेतली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पालथे पडून थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून पहारा सुरू केला. जेवणही तिथेच झाले. पत्नीने एकदा त्यांच्या पाठीवर कापड अंथरून पाहिले. पाठ समतल नव्हती, म्हणून परत घेतले.

दुर्बिणीतून जे दिसले ते त्यांच्या कुठल्याच सिद्धान्तात बसणारे नव्हते. मादी आरशावर धडका मारी, दमून कुंडीत शिरे, अंड्यांना परांनी वारा घाली, पुन्हा बाहेर येऊन परकीला सुनावी. अंड्यांना तोंड लावायला तिला सवडच नव्हती. त्याहून नवल म्हणजे, आजवर कोपऱ्यात अंग चोरून राहिलेला नर एके दिवशी बाहेर आला. मादीने त्याला पिटाळले नाही. तो आरशाच्या बाजूला सरकला, त्यालाही एक निळा दांडगा परका दिसला, आणि त्यानेही कल्ले फुगवले. त्या क्षणापासून त्या दोघांचा संसार सुरू झाला.

"बघा," सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या. "शत्रू सापडला, म्हणून नवरा-बायकोचं जमलं."

"हे शास्त्र नाही, सासूबाई."

"माझा अनुभव आहे, जावईबापू."

मग एके सकाळी कुंडीच्या तोंडातून धुळीच्या लोटासारखे काहीतरी बाहेर आले. ते धूळ असते तर खाली बसले असते. ते पोहत होते. डोळ्यांचे बारीक काळे ठिपके घेऊन शंभरएक पिल्ले आईमागून निघाली, आणि आई त्यांना आरशासमोरून, परकीला दिसेल अशा बेताने, सावकाश फिरवून घेऊन गेली. मोजणीदारांनी दुर्बिणीवरून डोळा काढला. तो ओला झाला होता. दुर्बिणीच्या रबराची वाफ असेल, असे त्यांनी पत्नीला सांगितले. तिने तो निष्कर्ष प्रथमच विनावाद मान्य केला.

दंतवैद्याला निरोप गेला. तो आला, सरपटत आत शिरला, पिल्ले पाहिली आणि म्हणाला, "अभिनंदन, भाऊजी. आता मला सांगा, ही पिल्लं जगली कशामुळे? माझ्या आरशामुळे. म्हणजे टाकीवर निम्मा हक्क माझा."

"अतिक्रमण करणाऱ्याला हक्क मिळत नसतो."

"मग श्रेय तरी द्या."

"तेही नाही." मोजणीदार कोपरावर रेलले. निश्चय त्यांच्या मुद्रेवर पूर्ववत आरूढ झाला. "आरसा निमित्तमात्र. मादीला हवी होती ती समोर हालचाल, वर्दळ. मागच्या दोन्ही वेळी आपण एवढी शांतता पाळली की तिला वाटलं, कुणीतरी दबा धरून बसलंय. जिथं सगळे अचानक गप्प होतात तिथं धोका असतो. हे कुठल्याही जनावराला कळतं. पिल्लं वाढणार नाहीत असं वाटलं, म्हणून तिनं अंडी खाल्ली. आरशाऐवजी दुसरी कुठलीही वर्दळ चालली असती."

"कुठलीही?" पत्नीने विचारले. ती आतल्या खोलीच्या दारात, जमिनीवर पसरलेल्या कापडाशेजारी बसली होती.

"कुठलीही."

"माणसांची? उभ्या?"

"उभ्या माणसांची तर उत्तमच."

"कात्रीची?"

मोजणीदारांना आता पुढचे पाऊल दिसले होते. पण आपलेच विधान मागे घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "तत्त्वतः," ते म्हणाले, "कात्रीचीही."

"मशीनची?"

"पहिल्या वेळी मशीनमुळेच..."

"पहिल्या वेळी ती पहिलटकरीण होती," सासूबाई म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं."

मोजणीदारांनी आपल्या युक्तिवादाची चारी बाजूंनी मोजणी केली. तो कुठेच ढिला नव्हता. त्यांनीच इतका पक्का बांधला होता की आता त्यातून त्यांना स्वतःलाही बाहेर पडायला वाट नव्हती. दंतवैद्याने तोंड उघडले. बहिणीने त्याच्याकडे पाहिले. त्याने ते, आपल्या रुग्णांना कधीही न जमलेल्या तत्परतेने, मिटले.

"आई, तूच सांग आता," तो म्हणाला.

सासूबाईंनी काठी जमिनीला रेटली. स्टूल खडूची रेघ पुसत हद्दीच्या ऐन मध्यावर येऊन थांबला. त्यांनी टाकीकडे पाहिले, टेबलाकडे पाहिले, आणि जमिनीवर शेजारी शेजारी आडव्या पडलेल्या आपल्या मुलाकडे आणि जावयाकडे पाहिले.

"टाकी इथंच राहील," त्या म्हणाल्या. "उरलेलं टेबल हिचं. तुम्ही दोघं उठा आता, मला केर काढायचाय."