केतकर डॉक्टरांचा डबा

केतकर डॉक्टरांची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी नाव सांगितलं, यवतमाळहून नोकरीसाठी पुण्यात आलोय म्हणालो, हसलो. बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे न बघता हनुवटीखाली बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड उघडा." मी उघडलं. लिफ्टमध्ये आणखी दोघं होते, पण त्या आवाजापुढे माझा इलाज चालला नाही. "जीभ बाहेर. हं. मान आखूड, जबडा मागे. अवघड आहात," असा निकाल देऊन त्या चौथ्या मजल्यावर उतरल्या. माझंही घर चौथ्याच मजल्यावर होतं, पण मी सहाव्यापर्यंत जाऊन खाली आलो.

मागाहून कळलं की बाई भूलतज्ज्ञ आहेत. पेशंटला झोपवून त्याच्या घशात श्वासाची नळी घालायची हे त्यांचं काम. त्यामुळे समोर कोणीही आलं की ही नळी याच्या घशात कितपत सुखानं जाईल, एवढंच त्या आधी बघून घेत. हडपसरच्या आमच्या अख्ख्या सोसायटीची त्यांनी अशी वाटणी केली होती. चेअरमन सोपे. वॉचमन सोपा, पण दात हलतात. माझी बायको वर्षा 'उत्तम', आणि याचा तिला इतका अभिमान की माहेरी फोन करून तिनं ते सांगितलं.

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील. लग्न केलं नव्हतं, आणि का नाही केलं हे विचारण्याची सोसायटीत कोणाची छाती नव्हती. खाण्याची मात्र भारी हौस. एका रविवारी त्यांनी आमची बेल वाजवली.

"काय जळतंय?"

"ठेचा," वर्षा म्हणाली.

"मग अर्धी भाकरीही द्या त्याच्याबरोबर."

तेव्हापासून समोरच्या दारात आमचा डबा सुरू झाला तो सुरूच राहिला. रोज जेवून झालं की बाईंचा फोन यायचा. "वर्षा, हे वरण आहे की शिक्षा?" "भाजीत तेल होतं की तेलात भाजी?" वर्षा फोन ठेवून म्हणायची, "बाप्पा, बोलतात किती. पण डबा पुसून खातात." तिला ते फोन आवडायचे. एखाद्या दिवशी आला नाही तर तीच करायची.

एकदा मी बाईंना विचारलं, भूल देताना तुम्ही आकडे मोजायला लावता का? त्यांना ते फारच बाळबोध वाटलं. "आकडे कसले मोजायला लावायचे? परीक्षा आहे का? मी विचारते, आज घरी असतात तर काय जेवला असतात? माणूस कितीही घाबरलेला असो, ताट डोळ्यांपुढे आलं की नळी विसरतो. बोलता बोलता झोपतो." हा प्रश्न त्यांना त्यांच्या सरांनी शिकवला होता. हे सर त्यांच्याच हॉस्पिटलात होते आणि जगातल्या एवढ्या एकाच माणसाबद्दल बाई बरं बोलत.

या ओळखीला बारा वर्षं झाली आणि कोरोना आला. मी बेडरूममध्ये लॅपटॉप मांडून अमेरिकेशी बोलायला लागलो. बाईंची ऑपरेशनं थांबली आणि त्यांची सगळी जमात व्हेंटिलेटरच्या वॉर्डांत नेमली गेली, कारण घशात नळी घालायला तीच माणसं लागतात. त्यांनी आम्हाला दारात यायची बंदी केली. दोन दारांमध्ये एक खुर्ची ठेवली. वर्षानं डबा खुर्चीवर ठेवायचा, आत जायचं, मग बाईंनी दार उघडायचं. डब्याचे हवे ते कप्पे त्या आत न्यायच्या, नको ते खुर्चीवर ठेवायच्या. आम्ही निमूटपणे पाळलं.

आणि एक दिवस पिठल्याचा कप्पा खुर्चीवरच राहिला.

वर्षाला ते फारच लागलं. "पिठल्याचं काय बिघडलं माझ्या?" तिनं मला चाखायला लावलं. काही बिघडलं नव्हतं. आठवड्यानं मेथीची भाजी राहिली. मग साबुदाण्याची खिचडी, मग पोहे, मग पुरणपोळीसुद्धा. एकदा राहिलेला पदार्थ पुन्हा पाठवला की पुन्हा राहायचा. शेवटी एक दिवस वरणभात राहिला. वरणभात म्हणजे बाईंचा जीव की प्राण. त्या दिवशी फोनही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामाला निघाल्या तेव्हा मी दारात होतो. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "कसे आहात देशमुख? घरी सगळे बरे ना?"

मी हादरलो. बारा वर्षांत या बाईंनी मला कसे आहात विचारलं नव्हतं. आत जाऊन वर्षाला सांगितलं, तर ती हातातलं लाटणं घेऊन तशीच खाली बसली. पुण्याचं माणूस असं गोड बोलायला लागलं म्हणजे दुखणं वरवरचं नाही, एवढं आम्हाला आता कळत होतं. शिवाय त्यांचा ड्रेस अंगावर नुसता लोंबत होता. त्या वॉर्डांत रोज उभं राहणाऱ्या बाईच्या पोटात अन्नच गेलं नाही तर ती किती दिवस टिकेल?

वर्षानं सरळ स्पीकरवर फोन लावला. "अवो डॉक्टर, जेवत काऊन नाही तुम्ही?"

मग बाई म्हणाल्या, "नळी घालायच्या आधी तोच प्रश्न विचारते गं मी अजून, घरी असतात तर काय जेवला असतात. एका गृहस्थांनी पिठलं सांगितलं. ते गेले. मेथी सांगणाऱ्या बाई गेल्या. सगळेच जातात असं नाही, पण जे गेले त्यांचा पदार्थ समोर आला की घास तोंडापर्यंत जात नाही. त्यांची शेवटची इच्छा मी कशी खाऊ?"

मी मधेच तोंड घातलं, "मग विचारू नका ना."

"न विचारता नळी घालू? तुम्ही तुमचे कॉम्प्युटर बघा."

"आणि वरणभात?" वर्षानं विचारलं. फोन बंद झाला.

माझी बायको रडत बसणाऱ्यातली नाही. तासाभरानं ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "मरणाच्या दारात कोणी पडवळ मागतं का हो?"

दुसऱ्या दिवशी आमच्या घरात पडवळ शिजलं. मग दोडका, घोसाळं, दुधी, पुन्हा पडवळ. हडपसरात त्या दिवसांत जे कोणाला नको असेल ते वर्षा हुडकून आणायची. मलाही तेच खावं लागायचं आणि तक्रारीची सोय नव्हती. पण बाई जेवायला लागल्या. चौथ्या दिवशी फोन आला, "खाल्लं. याला जेवण म्हणवत नाही." वर्षानं फोन ठेवून पदरानं डोळे पुसले. महिनाभर बाई या नावडत्या भाज्यांवर तगल्या.

मग एक दिवस खुर्चीवर पडवळ राहिलं.

"कोण मेला पडवळ मागतो?" वर्षा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. माणूस मेला नव्हता. हडपसरच्या पलीकडचा कोणी शेतकरी होता, व्हेंटिलेटरवर होता, आणि तो वाचतो की नाही हे कळेपर्यंत पडवळ नको, एवढंच बाईंनी फोनवर सांगितलं. पडवळही कोणी मागतं म्हटल्यावर बाईंना दोडका-दुधीही जाईना, आणि आता आमच्याकडे पाठवायला काही उरलं नव्हतं. बाई ब्रेडवर दिवस काढत होत्या. त्या शेतकऱ्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून वर्षा देवापुढे हात जोडून म्हणायची, त्या पडवळवाल्याला बरं कर. मी देवाला फारसा मानत नाही. तरी मागे उभा राहायचो.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी बेल वाजली. बाई स्वतःच्या दाराशी जाऊन उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे सुजलेले होते. माझ्या मनात आलं, गेला.

"नळी काढली," बाई म्हणाल्या. "बोलतोय."

वर्षा तिथेच उंबऱ्यावर बसली.

"आज मी त्याला म्हटलं, काका, आता घरी जाऊन पडवळ खा पोटभर. तर म्हणतो, मला न्हाई आवडत पडवळ." बाईंनी त्याचा बसलेला आवाज हुबेहूब काढला. "म्हटलं, मग सांगितलंत कशाला? तर म्हणे, तुमी येवढ्या काळजीनं इचारलं, काय तरी सांगाया नगं? सकाळी बायको त्येच तोडत हुती, त्येच तोंडाला आलं. तुमचं डोळं लई दमल्यालं दिसत हुतं बाई. म्हनलं, सांगितलं तर तुमास्नी बरं वाटंल."

आम्ही तिघंही हसायला लागलो. महिनाभर या पडवळानं आम्हाला छळलं होतं आणि ते खुद्द त्यालाच आवडत नव्हतं. बाई तर कठडा धरून हसत होत्या. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मग त्या एकदम थांबल्या.

"सर," त्या म्हणाल्या.

आम्हाला कळेना.

"वरणभात सरांनी सांगितला होता. त्यांना नळी मीच घातली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. प्रश्नही त्यांचाच विचारला. हसले आणि म्हणाले, वरणभात." बाई खुर्चीवर बसल्या. "सर मालवणचे. मासा नसला तर ताटावर बसायचे नाहीत. वरणभाताला आजाऱ्याचं खाणं म्हणायचे. माझ्या डब्यात रोज असायचा, त्यावरून तीस वर्षं चिडवलं मला. त्यांना कशाला हवा असेल वरणभात?"

बाईंनी आमच्या स्वयंपाकघराच्या दिशेनं बघितलं.

"मला घरी जाऊन जेवायला सांगत होते ते. मरताना. आणि मी तेवढंच नेमकं टाकत राहिले."

वर्षा उठली आणि तिनं कुकर लावला. भात होईपर्यंत बाई खुर्चीत आणि मी दारात असे बसून होतो. मग वर्षानं ताट आणलं. मऊ भात, वर वरण, तूप, लिंबाची फोड. ताट बाईंच्या मांडीवर ठेवून ती मागे आपल्या दाराशी येऊन उभी राहिली, रोजच्यासारखी. बाईंनी मास्क काढला, भात कालवला, आणि रडत रडतच खायला लागल्या. डोळे पुसायला त्यांनी हात थांबवला नाही. निम्मं ताट झालं तेव्हा वर्षा पातेलं घेऊन पुढे गेली. मी म्हणालो, अंतर. तिनं ऐकलं नाही. तिनं बाईंना आणखी भात वाढला, दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तो काढला नाही.